घाटावरचा डबा

तळ्याच्या घाटावर बाभळीला तेलाचा एक रिकामा डबा टांगलेला आहे. तोंड घट्ट बंद, कडीला लांब दोर. कोणी बुडू लागलं तर फेकायला. शेजारच्या सुमनमावशी धुणं आटोपलं की रोज त्याची गाठ ओढून बघतात.

आमच्याकडे मुलगे असाच डबा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मावशींचा मुलगा याच डब्यावर शिकला. त्याची धाकटी बहीण शैला काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायची. पुढे याच घाटावर धुणं धुताना तिचा पाय घसरला आणि ती बुडाली. भोवती आम्ही सात बायका होतो. एकीलाही पोहता येत नव्हतं. हा डबा मावशींनी इथं त्यानंतर टांगला. जन्मभर पाण्याच्या काठी बसायचं आम्ही, आणि पोहायचं पुरुषांनी!

काल मी म्हटलं, "मावशी, गाठ पक्की आहे हो."

डब्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तिनं मागितला होता गं हा. मीच म्हटलं, मुलीच्या जातीला काय करायचंय पोहून?"

वाऱ्यानं खोडावर आपटणारा तो डबा मला घरापर्यंत ऐकू येत राहिला. अंगणात माझी नऊ वर्षांची मुलगी विहिरीवरून आलेल्या भावाचे ओले कपडे वाळत घालत होती.