हातमोजा तळ्यावरची जागा

ताउनो हुहतालाला टपालकचेरीचा रस्ता विचारला तर तो बरोबर सांगायचा. चर्चचा विचारला तर तोही सांगायचा, जरा नाखुशीने. पण पाण्याकाठी तंबू ठोकायला चांगली फुकटची जागा कुठे आहे, असं कुणी विचारलं की तो चक्क खोटं बोलायचा. यात त्याला काही पाप वाटत नसे. मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला सगळेच तसं करतात. मासे कुठे लागले आणि तंबू कुठे टाकला, या दोन प्रश्नांना खरं उत्तर मिळेल अशी आशा विचारणाराही ठेवत नाही. बाकीचे निदान हसत खोटं बोलतात. ताउनो मात्र आधी मागे वळून कोण ऐकतंय ते बघायचा आणि मग पाद्र्यासारखा चेहरा करून थाप मारायचा.

तसं पाहिलं तर जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचंच. पैसे भरून राहायच्या जागाही पुष्कळ आहेत. तिथे नळ असतो, खांबावर नंबर असतो आणि शेजाऱ्याचा रेडिओ असतो. तिथे ताउनो मेला तरी गेला नसता. त्याला हवी ती जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाची जागा. दगडांचं चुलाण, तंबूपुरती सपाट जमीन, झाडीमागे शौचाच्या खड्ड्यावर ठेवलेला झाकणाचा लाकडी खोका, आणि समोर तळं. अशा ठिकाणी पावती नाही की पहारेकरी नाही. आधी पोचला त्याची जागा, एवढाच कायदा. मागून आलेल्याने हात हलवायचा, फार तर यजमानाने दिली तर कॉफी घ्यायची आणि निमूट माघारी वळायचं. सख्खा भाऊ असला तरी ‘जरा सरकून घे’ म्हणायचं नाही. आणि निघताना पुढच्या माणसासाठी कोरडं सरपण रचून ठेवायचं, मग तो कोण का असेना.

ताउनोने जन्मभर ओंडक्यांचा ट्रक हाकला. कंपनीने एका भागातली तोड थांबवली, तिथला रस्ता झुडपांनी गिळला, आणि त्या रस्त्याच्या शेवटी एक तळं आहे हे लोक विसरून गेले. ताउनो विसरला नाही. नकाशावर त्या तळ्याला नाव नव्हतं. आकार लोकरीच्या हातमोज्यासारखा, एका बाजूला अंगठा निघालेला, म्हणून तो मनातल्या मनात त्याला हातमोजा म्हणायचा. मोठ्याने कधी म्हणाला नाही. निवृत्त झाल्यापासून बर्फ वितळल्यावर दर शुक्रवारी तो तिथे जायचा आणि रविवारी परतायचा. रस्त्याच्या तोंडाशी स्प्रूसचं एक पडलेलं झाड आडवं टाकून ठेवायचा, चाकांच्या खुणा फांदीने झाडून टाकायचा. चोरी करून पळणारा माणूसही एवढी काळजी घेत नसेल.

त्याच्या बायकोने, ऐलीने, ती जागा कधी पाहिलेली नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने तिला एका लहानशा धबधब्यापाशी नेलं होतं, तेवढंच. ऐली बोलकी. चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता तिने ते ठिकाण मावसबहिणीला सांगितलं, मावसबहिणीने नवऱ्याला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे चाकांवरची घरं येऊन उभी राहिली. कुणी तरी दोन भूर्जांच्या मधे कपडे वाळत घातले होते. ताउनोने गाडी तिथूनच वळवली आणि घरी येईपर्यंत एवढंच म्हणाला, “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” त्यानंतर तो एकटाच जाऊ लागला. ऐली शुक्रवारी सकाळी मांस-बटाटे भरलेल्या पेस्ट्या आणि वेलदोड्याचा पाव बांधून द्यायची. कुठे जातोस, असं तिने सुरुवातीला विचारलं. “उत्तरेला,” तो म्हणायचा. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

आणि मग एका जूनमध्ये त्याच्या मनात पाल चुकचुकली.

रचलेलं सरपण त्याचं नव्हतं. तो लाकूड जाड फोडायचा. हे बोटभर जाडीचं, नीट फोडलेलं, आणि खाली पेटवणासाठी भूर्जाच्या सालीच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. चुलाणातली राख काढलेली होती. खोक्याचं झाकण घासलेलं होतं. रस्त्यावरचा स्प्रूस जागच्या जागी आडवा होता खरा, पण त्याचा बुंधा डावीकडे असायचा तो उजवीकडे गेला होता. ताउनोने ती सगळी रात्र तंबूत कूस बदलत काढली. घाण करून जाणारा परका असता, तर त्याला शिव्या घालून तो मोकळा झाला असता. हा नीटनेटका होता. म्हणजे जाणकार होता. म्हणजे ओळखीतलाच होता.

ओळखीतला म्हटल्यावर नाव शोधायला वेळ लागला नाही. रुडी निस्काला! त्याच कंपनीत रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा, म्हणजे तो रस्ता त्यानेच केला असणार. बायको वारल्यापासून मोकळा होता. मागच्या आठवड्यात सौनाच्या वाफेच्या खोलीत घाम काढत बसले असताना त्याने सहज म्हणून विचारलं होतं, “तुझ्याकडे यंदा ब्लूबेरी कशी आहे?” तुझ्याकडे म्हणजे कुठे? तेव्हा ताउनो ‘बरी आहे’ म्हणाला होता. आता त्या प्रश्नाचा त्याला घाणेरडा वास येऊ लागला.

एकदा संशय घ्यायचं ठरवलं की पुरावा पायात येऊन पडतो. रुडीच्या पिकअपच्या चाकांना चिखल दिसला. रुडीने नवी कुऱ्हाड घेतल्याचं कळलं. रुडी समोरून हसला तर ताउनोला वाटायचं, का हसला? नाही हसला तर वाटायचं, डोळा चुकवतोय. घरी जेवताना तो पुटपुटायचा, “माणसं बदलतात.” ऐली म्हणायची, “कोण बदललं आता?” की तो काट्याने बटाटा कुस्करत बसायचा. बायकोला सांगितलं तर गावभर होईल, ही भीती होतीच.

एका सकाळी डोनाच्या हॉटेलात म्हाताऱ्यांचं नेहमीचं टेबल भरलं होतं. ताउनो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, “काय रुडी, लाकूड बारीक फोडायला कधी शिकलास?”

“बायको गेल्यापासून. चूल आता मलाच पेटवावी लागते. का रे?”

“मी जायच्या आधी तिथे कोण येऊन जातं, ते मला कळत नाही असं समजू नकोस.”

“तिथे म्हणजे कुठे?”

“तुला ठाऊक आहे.”

“तू जागेचं नाव सांग,” रुडी म्हणाला, “म्हणजे मी गेलो होतो की नाही ते सांगतो.”

टेबलावर हशा पिकला. डोना हातातली किटली खाली ठेवून हसली. ताउनोची पंचाईत अशी की नाव घेतलं तर जागा जाणार, आणि नाही घेतलं तर आरोप हवेत लटकणार. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “चोर आहेस तू,” तो म्हणाला, “चोरून मागे येणारा चोर.”

हसू थांबलं. फार वर्षांपूर्वी ओंडक्यांखाली ताउनोचा पाय अडकला होता, तेव्हा त्याला बाहेर ओढणारा हाच रुडी होता, आणि हे त्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. रुडीने टोपी घातली. “माझ्या अंत्ययात्रेला येऊ नकोस,” तो म्हणाला, “तिथेही तुला वाटेल, कुणी तरी तुझी जागा घेतली.” अर्धी कॉफी टेबलावर टाकून तो निघून गेला. मला विचाराल तर ताउनोने त्याच क्षणी मागे धावायला हवं होतं. तो धावला नाही. त्याने रुडीचीच खुर्ची ओढली आणि खाली बसला.

आता चोराला रंगेहाथ पकडायचंच, असं त्याने ठरवलं. तो शुक्रवारी जातो हे जगाला माहीत, तेव्हा चोर आठवड्याच्या मधे येत असणार. बुधवारी सकाळी तो ऐलीला म्हणाला, “डुलुथला जाऊन येतो. ट्रकचा एक भाग आणायचाय. बहुतेक मुक्काम पडेल.”

“जा की,” ऐली म्हणाली. “मीपण बहिणीकडे जाईन म्हणते.”

तो डुलुथच्या रस्त्याला लागला, शहराच्या अलीकडे उगाच एका ठिकाणी पेस्टी खात वेळ काढला आणि दुपारी आडवाटेने उलटा फिरला. स्प्रूस बाजूला करून आत शिरला तर थोड्याच अंतरावर झुडपांत, वर फांद्या टाकून झाकलेली एक गाडी होती. लपवायची रीत थेट त्याचीच. फांद्यांमधून निळा रंग दिसत होता.

गाडी ऐलीची होती.

आणि बघा, एवढं झाल्यावर तरी माणसाच्या डोक्यात काही सरळ यावं! ताउनोच्या डोक्यात आलं ते रुडी. मोकळा रुडी, नवी कुऱ्हाड, बहिणीकडे जाईन म्हणते. सगळं एका झटक्यात जुळलं. तो ट्रक तिथेच ठेवून पायी निघाला, काटकी मोडू नये म्हणून शेवाळावरून पाय टाकत. जागा गेली तरी चालेल, असं त्याला त्या वाटेवर आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. फक्त तिथे दुसरं कुणी असू नये.

चुलाणाशेजारी एक लहानसा तंबू होता. काठावरच्या खडकावर ऐली पाय पाण्यात सोडून बसली होती. शेजारी एकच कप. ताउनो देवदारांआड उभा राहिला आणि दुसऱ्या माणसाची वाट पाहू लागला. डास त्याची मान फोडून काढत होते. पलीकडून लून पक्षी ओरडला, ऐलीने मान वळवून तिकडे पाहिलं, परत पाण्याकडे पाहिलं. सावली खडकावरून खाली उतरली तरी कुणी आलं नाही. आणि जिच्या तोंडाला भिऊन त्याने तिला इतकी वर्षं आणलं नव्हतं, ती ऐली एवढ्या वेळात एक शब्द बोलली नाही. स्वतःशीसुद्धा नाही. तिला इतकी गप्प त्याने घरात कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्याने मानेवरचा डास फटकन मारला.

“कोण आहे?” ऐली वळून न बघता म्हणाली. “अस्वल असशील तर जा. माणूस असशील तर पुढे ये.”

“मी आहे.”

“डुलुथ बरंच जवळ आलं की.”

“तुझ्या बहिणीचं घरही सरकलेलं दिसतंय,” तो म्हणाला. त्याची नजर तंबूवर होती. “बरोबर कोण आहे?”

“कोण असणार?”

“रुडी.”

ऐली हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. “म्हणजे तू खरंच विचारतोयस. आणि त्यासाठी झाडाआड उभा होतास.”

त्याने मानेवरचा चिरडलेला डास पुसला.

“जा, तंबू उघडून बघ. बघच. नाही तर घरी गेल्यावर तुला झोप लागायची नाही.”

तो हलला नाही. “ही जागा तुला कुणी दाखवली?”

“तुझ्या बुटांनी. लाल माती असते त्यांना. या भागात लाल माती कुठे आहे, हे मला ठाऊक नसेल का? मी इथेच वाढले, ताउनो. तुझ्या विजारीच्या दुमडीत देवदाराची पानं, खिशात ही एवढाली ब्लूबेरी. आणि तू उत्तरेला म्हणालास म्हणजे दक्षिणेलाच गेलास, हे तर पोरांनाही कळायचं.”

“कधीपासून येतेस?”

“पुष्कळ उन्हाळे झाले. आधी सगळं होतं तसंच ठेवून जायचे, तुला कळू नये म्हणून. यंदा म्हटलं, किती दिवस लपायचं? बघू, ओळखतोस का कोण आलं होतं ते.” ती थांबली. “तू रुडी ओळखलास.”

“सांगितलं का नाहीस मला?”

“तू मला सांगितलं होतंस?”

“तू चार लोकांत बोलली असतीस,” ताउनो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला आपली चूक कळली.

ऐली शांतपणे पाय पुसू लागली. “आई आजारी होती तेव्हा तिला सांगावंसं फार वाटलं. नाही सांगितलं. बहिणीला नाही, चर्चमध्ये नाही. तरुणपणी एकदा तोंडातून गेलं, ते तू जन्मभर धरून ठेवलंस. म्हणून कुणालाही नाही सांगितलं, ताउनो. तुलासुद्धा नाही.”

तिने कपातली उरलेली कॉफी फेकली, कप विसळला आणि किटलीतून भरून त्याच्या हातात दिला. तो ओंडक्यावर बसून प्यायला. कॉफी संपल्यावर तो उठला. “ट्रकमधून तंबू आणतो. माझा जरा मोठा आहे.”

“कशाला?” ऐली म्हणाली. “जागा घेतलेली आहे.”

ती चेष्टा करतेय असं वाटून तो हसला. ती हसली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत अशा चुलाणापाशी त्याने कितीतरी लोकांना हेच सांगितलं होतं आणि सगळे निमूट गेले होते. त्याने हात हलवला आणि तो वळला. ट्रकपाशी पोचेपर्यंत त्याचे डोळे भरून आले होते. जाताना त्याने स्प्रूस आडवा टाकला आणि तिच्या चाकांच्या खुणाही झाडल्या.

तो घरी गेला नाही. रुडीच्या अंगणात ट्रक थांबला तेव्हा रुडी पायरीवर बसून मासा साफ करत होता. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

“सापडला का चोर?”

“चोर नव्हताच,” ताउनो म्हणाला. “मी वेडेपणा केला. उद्या डोनाकडे सगळ्यांसमोर सांगतो.”

रुडीने मासा दुसऱ्या बाजूवर वळवला. मग पायरीवर थोडा सरकला. ताउनो बसला. माशाचे खवले उडत राहिले.

“एवढं बोललास मला,” रुडी म्हणाला, “आता निदान ती जागा कुठे आहे ते तरी सांग.”

“नाही सांगता येणार.”

“अजून विश्वास नाही?”

“तसं नाही, रुडी. ती जागा माझी नाही,” ताउनो म्हणाला. “तिला विचारावं लागेल.”