फ्लॉपीवरचं कुंकू
झेंडूचा वास आला की काकांच्या डोंबिवलीतल्या घरचा तो दसरा आठवतो आणि अजून डोकं फिरतं. जुने व्हिडिओ गेम काकांच्या कॉम्प्युटरवर चालवायला 'बायोस' नावाची, मूळ गेम-मशीनमधली एक फाईल लागायची. ती मी ठाकुर्लीच्या मित्राच्या हातापाया पडून फ्लॉपीवर आणलेली. गेमवर खार खाऊन असलेल्या काकांनी कॉम्प्युटरच्या पूजेत ती फ्लॉपीही मांडली आणि तिची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीलाच ओलं कुंकू फासलं. मी ओरडलो, तर गालात हसत म्हणाले, "अरे, देवाचं आहे, बिघडतंय काय?" फाईल गेली ती गेलीच, मित्राने पुन्हा दिली नाही. हल्ली मोबाईल अडला की काका मलाच फोन करतात. मी शांतपणे सांगतो, "काका, कुंकू लावून बघा."