दोन्हीकडची वकील

दोन गावांची भांडणं एकटीने भांडणारी बाई उभ्या जगात एकच, आणि ती नेमकी शाळेत माझ्याच बाकावर आली. तिचे वडील बिहारातून वरठीला पोलाद कारखान्यात कामाला आलेले. ही इथेच जन्मली आणि कळायला लागल्यापासून दोन्ही मुलखांचं वकीलपत्र घेऊन बसली. आमच्या घरी निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजले की एक तोडून म्हणायची, "आमच्या लिट्टीपुढं हे काहीच नाही." उन्हाळ्यात बिहारला गेली की तिथल्या काकूला ऐकवायची, की तुमची लिट्टी म्हणजे आमच्या रोडग्याची नक्कल. त्यामुळे दोन्हीकडे तिला बोलणी बसत आणि दोन्हीकडे आग्रहाने वाढलंही जाई. इथे ती बिहारीण, तिथे मराठीण. कोणी तसं म्हटलं रे म्हटलं, की बाह्या सरसावून उभी!

एकदा मात्र तिची पुरती फजिती झाली. बारा वर्षांची असताना बिहारात आत्याने थट्टेत विचारलं, लग्न कोणाशी करणार? आमच्या वर्गातल्या पोरी जे म्हणायच्या तेच हिने ठणकावून सांगितलं, आत्याच्या पोराशी! तिकडे आत्याचा पोरगा म्हणजे राखी बांधायचा भाऊ. आईने तिथल्या तिथे दोन ठेवून दिल्या. परत आल्यावर ती माझ्यावरच तुटून पडली, "तुमच्यात चालते तं मले मार काहून पडला व?"

मागच्या वर्षी वडील निवृत्त झाले आणि गावी परतायचं ठरलं. तिकिटं तीन काढली. ही इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. म्हणाली, "मी नाही येत. माहं सारं इथंच आहे." वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि मग एका सकाळी मुकाट्याने जाऊन तिसरं तिकीट रद्द करून आले. मला हिच्यासाठी बरं वाटलं आणि त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

स्टेशनवर मीही गेले होते. गाडी लागली तशी आईने पिशवीतून तांदूळ, हळकुंड आणि दूर्वा काढून हिच्या ओढणीच्या पदरात गाठ मारून बांधल्या. माहेराहून निघालेल्या लेकीला तिकडे असं देतात, आपल्या ओटीसारखंच. मी म्हटलं, "काकू, जा तो तुम रहे हो."

"बिदाई तो हो रही है ना, बेटा," त्या म्हणाल्या.

वडिलांनी खिडकीतून हात काढून हिच्या डोक्यावर ठेवला. गाडी सुटली.

ही ओढणीची गाठ मुठीत धरून बाकावर बसली. "याचं काय करतात व? शिजवतात का ठेवतात?"

मला तरी कुठे ठाऊक! म्हटलं, "मायले फोन कर ना."

"आत्ता केला तं माय पुढच्याच टेशनात, तुमसरले, उतरून येईल," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. मग गाडी तुमसर सोडून पुढे जाईपर्यंत आम्ही दोघी त्या बाकावरून उठलो नाही.