चुलीपुढे भरलेला फॉर्म

"आधी पाणी दे गो," असं म्हणतच बाई कुठल्याही घरात शिरायच्या. ओटीवर चटई अंथरलेली असो की खुर्ची पुढे केलेली असो, बाई चपला काढून सरळ आत. पाणी आणायला गेलेल्या सुनेच्या मागोमाग त्या चुलीपर्यंत पोचायच्या, तिथेच जमिनीवर फतकल मारायच्या, तांब्या रिकामा करायच्या आणि पदराने तोंड पुसत विचारायच्या, "काय शिजतंय?"

मला वाटायचं, बाईंना तहान फार. डोंगर चढून आल्यावर कुणालाही लागते.

मी तेव्हा महाडला, तळ्यामागच्या गल्लीत, एका खोलीच्या ऑफिसात बसत असे. मुंबईतल्या एका संस्थेचं सर्वेक्षण चाललं होतं. महाड-पोलादपूरच्या गावांत लग्नं कितव्या वर्षी होतात, मुलं किती झाली, किती हवी होती, नवरा घरी असतो की मुंबईला, पाळणा लांबवायला काय वापरता, असे प्रश्न. मी सुपरवायझर होते. बाई माझ्या हाताखाली होत्या, पण वयाने माझ्या आईएवढ्या. नवरा वारलेला, बरीच वर्षं अंगणवाडीत काढलेली. पोलादपूरकडच्या वाड्या त्यांना तळहातासारख्या पाठ.

तुमच्याही दारात कधीतरी अशी पिशवीवाली बाई येऊन गेली असेल. तिने काय विचारलं ते आपल्या लक्षात राहतं. ती कुठे बसली, कशी बसली, तिकडे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते.

उत्तरं भरायला टॅब दिलेला होता. बाई त्याला 'पाटी' म्हणायच्या. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून ती पाटी त्यांच्या झोळीच्या तळाशी असायची. प्रशिक्षणाला मुंबईहून आलेल्या मॅडमनी बजावलं होतं की प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. एक प्रश्न होता, 'आदर्श कुटुंबात किती अपत्ये असावीत असे आपणास वाटते?' बाई तो नीट वाचायच्या. मग समोरची गोंधळली की म्हणायच्या, "म्हणजे गो, तुलाच कुणी आधी विचारलं असतं, तर किती मागितली असतीस?"

उमरठच्या वरच्या अंगाला एका बाईने या प्रश्नावर हसून हसून डोळ्यांना पाणी आणलं. "मला कोन इचारनार?" तिच्याभोवती तीन पोरं लोळत होती. हसू ओसरल्यावर तिने पोरांकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एक." बाईंनी एक लिहिला आणि तिन्ही पोरांच्या हातावर एकेक शेंगदाण्याची चिक्की ठेवली.

चौथ्या महिन्यात मुंबईहून फोन आला. बाईंचे फॉर्म संशयास्पद आहेत. टॅबमध्ये प्रत्येक उत्तराची वेळ नोंदली जाते. बाई घरात तासभर असतात, पण तेवढ्यात एकही उत्तर भरलं जात नाही, आणि मग सात-आठ मिनिटांत सगळा फॉर्म पुरा होतो. फॉर्म बसल्या जागी मनाने भरले जात असावेत. चार घरं निवडा, न सांगता जा, तेच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर बाईंना थांबवा आणि त्यांचं सगळं काम रद्द.

मी गेले. वाडीचं नाव सांगत नाही. तीन घरांतली उत्तरं अगदी बिनचूक जुळली. चौथ्या घरात एक तरुण सून, दोन मुली, नवरा मुंबईला. ओटीवर सासूबाई कुळीथ पाखडत होत्या. मी तिथेच खुर्चीवर बसले. सासूबाईंना ऐकू कमी येत असावं, असं मी आपलं धरून चालले. पाळणा लांबवायला काही वापरता का, असं विचारलं तेव्हा सून पटकन म्हणाली, "नाय. काय नाय."

बाईंच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, तांबी, म्हणजे कॉपर-टी.

परतीच्या एसटीत मी तो फॉर्म पुन्हा पुन्हा उघडून बघितला. चार महिने मी ज्यांच्यावर विसंबले, त्या बाईंनी मनाने लिहिलं? दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिसात बोलावलं.

"फॉर्म खरा हाय, मॅडम," त्या म्हणाल्या.

"मग मला ती 'नाही' असं का म्हणाली?"

"तुम्ही कुठं बसला होतात?"

"ओटीवर."

"म्हातारी होती?"

"होती."

"मग? मी चुलीपाशी बसते."

"आणि ती सात मिनिटं?"

"पाटी हातात असली की बाया पाटीकडं बघतात, तोंडाला कुलूप. मी आधी ऐकते. मग तिच्याच शेजारी बसून भरते. तिला दाखवते, हे असं लिहिलं बघ."

"बाई, मला फक्त एवढं सांगा. तिने स्वतः तुम्हाला सांगितलं होतं?"

"कोण काय बोललं ते मी नाय सांगणार." आवाज चढला नव्हता. "तुम्हीच आम्हाला पहिलं वाक्य वाचायला लावता ना, तुमची माहिती गुप्त राहील म्हणून? मग मी तुमच्याशी तरी कशी बोलू? काढायचं तर काढा मला."

पिशवीतून पाटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. टॉवेलाची घडी घातली आणि जिना उतरून गेल्या. मुंबईला शनिवारपर्यंत अहवाल द्यायचा होता. 

सकाळच्या एसटीने मी पुन्हा निघाले. सुनेला एकटीला गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. वाडीत पोचले तर सून धुणं घेऊन ओढ्यावर गेलेली. घरात फक्त सासू.

"परवा आली व्हतीस ना तू?" म्हातारीने विचारलं. "बस. उनाची आलीस."

मी बसले. ती बराच वेळ सुपाशी खुडबुडत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ते पाळन्याचं इचारलंस ना तिला. नाय म्हनाली ती. पन तिला तांबी हाय."

"तुम्हाला तिने सांगितलं?"

"ती कशाला सांगंल? डोकं दुखतंय म्हनून पोलादपूरला गेली नि दोन दिस कंबर धरून चालत व्हती. मला पाच झाली गो. मला कळत नाय काय?"

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलून काय करू? वाडीभर व्हईल. मग मुंबईला पोराच्या कानावर जाईल, तो काढायला लावंल. दोन पोरी हायत, चांगल्या हायत. बास झालं." सुपातला खडा तिने अंगणात फेकला. "नातू होऊ दे म्हनून मी देवाला नवस बोलते, चांगली मोठ्यानं बोलते. लोकांच्या कानावर गेला पायजे."

मी निघताना ती पायरीपर्यंत आली. "मला म्हायत हाय ते तिला सांगू नको. लाजंल पोर."

उतारावरून खाली येताना मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. फोनला रेंज मिळाली त्या वळणावर थांबून मी मुंबईला कळवलं, फॉर्म बरोबर आहे, मी स्वतः खात्री केली आहे. खात्री कशी केली, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा एवढंच म्हणाले की ते सांगता येणार नाही. चूक माझी होती, मी सासूसमोर विचारलं, तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, चालू ठेवा."

तिथून मी ऑफिसात जाऊन पाटी उचलली, थेट बाईंच्या घरी गेले आणि ती त्यांच्या हातात दिली.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी डोळे बारीक केले.

"ते मी नाही सांगणार."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम खांदे गदगदा हलवत हसायला लागल्या. हसता हसताच त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

सर्वेक्षण उन्हाळ्यात संपलं. पाटी परत करायला आल्या त्या दिवशी बाई निरोपाचं बोलायचं सोडून लेकीचं बोलायला लागल्या. त्यांची एकुलती एक मुलगी डोंबिवलीला असते, लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नातेवाइकांनी बाईंना विचारून विचारून हैराण केलं होतं. बाईंनी मात्र लेकीला कधीच विचारलं नव्हतं.

"परवा तिनंच फोनवर सांगितलं. त्या दोघांना मूल नकोच हाय. पहिल्यापासून ठरवलंय."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाईट?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नऊ वर्षं मला वाटत होतं, पोरगी आतल्या आत रडत असेल. नवस तरी कितीक बोलले. आणि ती तर मजेत हाय, मॅडम! मला सांगायला भीत होती, एवढंच. काल रात्री किती दिवसांनी मला झोप लागली." मग म्हणाल्या, "गुडघे गेले माझे आता. ये म्हणतेय राहायला. जाते."

पोलादपूरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. घराला कुलूप लावून, किल्ली शेजारणीकडे देऊन त्या आल्या होत्या. सामान थोडंच, पण मांडीवर एक भलामोठा फणस.

"मावशी, फणसाचं तिकीट पडेल," कंडक्टर म्हणाला.

"पाच वर्षांच्या आतला हाय तो."

"दाखला आहे का?"

"दाखला कशाला? वास घे."

आजूबाजूची माणसं हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे सरकला. गाडी सुरू झाली, हायवेच्या वळणावर कलली. बाईंनी दोन्ही हातांनी फणस घट्ट धरला होता, त्यामुळे त्यांना हात हलवता आला नाही. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघून मान तेवढी हलवली.