नोनी डोरनची घोडी मिरवणुकीत आली तेव्हा

टेसीला शाळेत घातलं त्या पहिल्या वर्षी, मे महिना येईपर्यंत, तिची आई फाटकाच्या आत कधी आलीच नाही. नोनी डोरन व्हॅनमध्ये बसूनच लेकीला हात हलवायची आणि आम्ही जवळ जायच्या आत निघून जायची. ती आयरिश भटक्यांपैकी. गावाबाहेर कालव्याच्या काठाला त्यांच्या राहायच्या गाड्या उभ्या असतात. नोनीचा जन्मही अशाच एका गाडीत झालेला, घोड्यांच्या बाजाराला जाताना, वाटेतच. तिच्या वडिलांनी घोड्यांची पैदास केली आणि तिनंही तेच केलं. माणसांशी बोलताना भांडल्यासारखं बोलायची, पण घोड्यांशी बोलताना आवाज लोण्यासारखा व्हायचा.

आमची शाळा इंग्लंडातल्या लँकेशरमधली, कॅथलिक. माझ्या चौथीच्या वर्गात केरळची, पोलंडची, नायजेरियाची, फिलिपिन्सची, झालंच तर पिढ्यानपिढ्या इथलीच अशी सगळी मुलं. मे महिन्यात आम्ही मारियामातेची मिरवणूक काढतो. त्या वर्षी ठरलं की मिरवणुकीत प्रत्येकानं आपापल्या घरचं काहीतरी आणायचं.

वर्गात सांगितलं मात्र, एकच गलका!

"मिस, माझी आई डोक्याला एवढं मोठं कापड बांधणार!" नायजेरियाची चिडेरा दोन्ही हात पसरून म्हणाली.

"माझे पप्पा चेंडा वाजवणार, आमचा केरळचा ढोल. खिडक्या हलतील!" जेरिन ओरडला.

"आणि तू गं, टेसी?"

टेसी बुटांकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे काही नाही, मिस."

"त्यांच्याकडे घरच नाहीये," मागून हार्वे म्हणाला.

मी त्याला चांगलं झापलं. पण टेसीनं मान काही वर केली नाही.

शाळा सुटल्यावर मी तडक व्हॅनपाशी गेले आणि काच वाजवली. घडलं ते सांगितलं.

"मीच तिला बजावलंय, आपण कोण ते कुणाला सांगू नकोस म्हणून," नोनी म्हणाली. "कळलं की पोरी खेळायला घेत नाहीत. वाढदिवसाला बोलवत नाहीत. मी भोगलंय ते."

"आता सगळ्यांना कळलंच आहे, नोनी."

ती एकदम खो खो हसायला लागली. "घर नाही म्हणाला? अहो मिस, आमचं घर तर स्वतःच्या पायांनी येईल! बापाची जुनी गाडी आहे माझ्याकडे, रंगवलेली. आणि ओढायला माझी घोडी, डचेस. तुमच्या मारियामातेला त्यात बसवते. चालेल?"

मुख्याध्यापक रॅटक्लिफसाहेबांचा चेहराच उतरला. "घोडी? मुलांमध्ये? आणि लाथ मारली तर?"

"तुम्ही मागं उभे राहू नका, म्हणजे झालं," नोनी म्हणाली. ती पहिल्यांदाच शाळेच्या आत आली होती, आणि आली ती थेट साहेबांच्या खोलीत.

फादर ओबिओरा खुर्चीत मागं रेलून हसत होते. "साहेब, मारियामाता बेथलेहेमला काय बसनं गेली होती?"

झालं! परवानगी मिळाली.

त्या दिवशी ऊन पडलं होतं, आमच्याकडे ही मोठीच गोष्ट. कोपऱ्यावरून डचेस वळली आणि रस्ता ओरडायला लागला. पांढरी-काळी, खुरांवर रेशमासारखे केस, गळ्यात निळी फीत. मागं ती गाडी, हिरवी नि सोनेरी, गोल छपराची, दारावर द्राक्षं रंगवलेली. नोनीच्या शेजारी टेसी ताठ बसलेली. चार बापांनी मूर्ती उचलून गाडीत ठेवली, पोलिश आज्यांनी फुलं टाकली, आणि मिरवणूक निघाली.

तेवढ्यात जेरिनच्या पप्पांनी चेंड्यावर काठी मारली.

डचेसचे कान मागं गेले. ती मागच्या पायांवर उसळली, गाडी हिसकली, मूर्ती डुलली. चिडेराच्या आईनं दोन्ही हातांनी मूर्ती धरून ठेवली. मुलं किंचाळली, मी त्यांना भिंतीकडे ढकललं. रॅटक्लिफसाहेब पांढरेफटक.

"गप्प! सगळे गप्प!" नोनीनं लगाम टेसीकडे दिले आणि खाली उडी मारली. घोडीचं तोंड छातीशी धरून ती कानात काहीतरी गुणगुणायला लागली. हळूहळू डचेसची मान खाली आली.

जेरिनचे पप्पा चेंडा उतरवत होते. "माफ करा हो, आम्ही नाही वाजवत."

"का नाही वाजवत?" नोनी वळून म्हणाली. "वाजवा की! फक्त आधी हळू. तिची ओळख होऊ द्या."

त्यांनी बोटांनीच सुरुवात केली. घोडीनं कान फिरवला. मग जरा जोरात. मग काठी. आणि खरं सांगते, डचेस ठेक्यावर पाय उचलायला लागली! टाळ्या, शिट्ट्या, हसणं. फादर तर चक्क नाचत होते.

चर्चच्या चढावर हार्वे गाडीच्या कडेनं पळत होता. नोनीनं त्याला बघितलं. "ये रे वर. आमचं घर आतून बघायचंय ना?"

तो लाल झाला. टेसी सरकून बसली आणि म्हणाली, "पाय पुसून ये हं."

त्या मेनंतर नोनी व्हॅन बंद करून आत यायला लागली. फाटकाशी तिची आणि चिडेराच्या आईची अशी गट्टी जमली, की दोघींना वर्गाच्या खिडकीतून दटावावं लागे. एकदा दोघी मिळून दुकानात गेल्या. "तिथला रखवालदार बिचारा," नोनी मला सांगत होती, "ही काळी, मी भटकी, चोर म्हणून आमच्यातल्या कुणाच्या मागं फिरावं, हेच त्याला ठरवता येईना! शेवटी आम्हीच त्याला म्हटलं, बाबा, तू टोपली तरी धर."

सप्टेंबरात नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा कालव्याकाठची आणखी तीन मुलं शाळेत आली. रॅटक्लिफसाहेब स्वतः फाटकाशी उभे होते. नोनीला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "मिसेस डोरन, शिंगरू-बिंगरू आहे का हो तुमच्याकडे? पहिलीची मुलं विचारताहेत."