उपडं ताट

मी ऑफिस सांभाळून नाटकं करते. घरचे याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. माझं वेड मनापासून चालवून घेणारा एकच, माझा आतेभाऊ. तो बोटीवर खलाशी. केपटाउनला बोट लागली असताना त्याने तिथलं एक नवं आफ्रिकान्स नाटक पाहिलं. एकटीच बाई बोलते, मासे धरायला गेलेल्या आणि न परतलेल्या मुलाशी. त्याने मला रेकॉर्डिंग पाठवलं, सोबत इंग्रजी संहिता. खाली लिहिलं होतं, "ही आमच्या आईसारखीच बडबडते."

पुढच्याच फेरीत तो बोटीवरून नाहीसा झाला. समुद्रात पडला असावा, एवढंच कंपनीने कळवलं.

आत्या केळशीहून आमच्याकडे रत्नागिरीला येऊन राहिली. देह मिळाला नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी असं बाबांचं म्हणणं. आत्या हो म्हणेना, आणि तिच्या होकाराशिवाय बाबांना पुढे जाववेना. इकडे मी ते नाटक मराठीत आणून बसवलं होतं. लेकाने पाठवलंय म्हणून आत्या बघायला आली, पहिल्याच रांगेत बसली.

आमच्याकडे देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माणूस बोलतोय आणि समोरचे गप्प, हे आत्याला पटण्यातलं नव्हतं. रंगमंचावरून मी म्हटलं, "माझा मुलगा पोहण्यात पटाईत होता." खालून आवाज आला, "व्हय म्हाराजा." लोक हसले. मला रागच आला. पण ती प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत राहिली, आणि हळूहळू हसणं थांबलं.

शेवटी ती बाई मुलासाठी रोज मांडलेलं ताट उपडं घालते आणि दिवा मालवते. मी ताट उचललं.

"उपडं घालू नको गो बाय," आत्या म्हणाली. "पोर उपाशी येल."

पुढचं वाक्य पाठ होतं. तरी ताट हातात धरून मी नुसती उभी राहिले, आणि प्रकाशवाल्यालाच माझी दया आली. त्याने अंधार केला.

परतताना रिक्षात आत्याने विचारलं, तिकडची ती बाई खरंच ताट उपडं घालते का. मी हो म्हटलं. तिला व्हय म्हणायला कोण असतं, तिने विचारलं. कोणी नाही, ती एकटीच असते, मी सांगितलं.

"म्हणून घातलंन," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. बाबांनी तिला क्रियेबद्दल पुन्हा विचारलं. चार माणसांसमोर, जरा चढ्याच आवाजात. आत्या उठून माझ्यापाशी आली.

"तो येल ना गो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. व्हय म्हणायची पाळी आता माझी होती.