शालनकाकूंची दारूबंदी

नॉटिंगहॅमच्या त्या घरात मी राहायला आलो, त्याच दिवशी किल्ली आत राहिली आणि दार लागलं. मी पुस्तकांच्या खोक्यावर बसलो आणि "अरे देवा" म्हणालो. कुंपणापलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला, "थांबा तिथंच, मी शिडी घेऊन येतो!"

लगेच त्या घरातून पुरुषाचा शांत आवाज आला, "येते म्हण, शालन. येते."

"येते काय नि येतो काय, शिडी तीच की," बाई म्हणाल्या आणि खांद्यावर शिडी घेऊन फाटकातून आत आल्या. साठीच्या आसपासचं वय, अंगात शाळेत जायचा कोट, पायांत बागेतले बूट. त्यांनी मला शिडी धरायला लावली आणि स्वतः वर चढून उघड्या खिडकीतून माझ्या घरात शिरल्या. आतून दार उघडून त्या म्हणाल्या, "या. घर बरं आहे तुमचं. ओल आहे थोडी."

शालनकाकू कोल्हापूरच्या. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. लग्न झालं ते पुण्याच्या डॉक्टर लिमयांशी, आणि डॉक्टरांना चुकीचं लिंग ऐकलं की दातात खडा आल्यासारखं होई. इथल्या हॉस्पिटलात नोकरी करायला ते आले, त्यांच्यामागून काकू आल्या. पुढे काकू शिक्षिका झाल्या आणि शहरातल्या एका शाळेत इतिहास शिकवू लागल्या. इंग्लंडला येऊन चाळीस वर्षं होत आली तरी एकीनं बोलायचं आणि दुसऱ्यानं सुधारायचं हा त्यांचा संसार चालूच होता. काकूंना जाऊन आता दोन हिवाळे झाले. डॉक्टर अजून शेजारीच राहतात. त्यांच्या घरात आता व्याकरणाची एकही चूक होत नाही.

डॉक्टर इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते आणि रविवारी मुलांना मराठी शिकवत. इथं जन्मलेली मुलं मराठी शिकायची ती मुख्यतः आईकडून, त्यामुळे मुलगेही आईसारखं बोलत. रोहन नावाचा एक मुलगा होता, पंधराव्या वर्षी सहा फूट उंच, फुटबॉल खेळणारा. तो जाडजूड आवाजात म्हणायचा, "काका, मी आता घरी जाते."

"रोहन, तू मुलगा आहेस," डॉक्टर म्हणत.

"आय नो, काका," रोहन गोंधळून म्हणे.

काकू मधे पडत. "अहो, मातृभाषा म्हणजे आईची भाषाच की. आईनं दिली तशी घेतली पोरानं. त्याचं काय चुकलं?"

या मुलांना सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी इतिहासात अमेरिकेतली दारूबंदी असे. मंडळातली मुलं त्यासाठी काकूंच्या स्वयंपाकघरात जमत. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायचो. काकूंनी मागितलेली पुस्तकं पोचवायला म्हणून जायचो आणि पुस्तकं बाजूला ठेवून ऐकत बसायचो. काकू पोळ्या लाटता लाटता शिकवत. "एका अख्ख्या देशानं ठरवलं, उद्यापासून दारू नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तो देश दुसरं काही बोलेनाच! ज्या बाया गुत्त्याची पायरी कधी चढल्या नव्हत्या, त्या आता चोरून चालणाऱ्या खोल्यांत जाऊन बसायला लागल्या. केस कापले, झगे गुडघ्यापर्यंत आणले, जॅझवर नाचल्या. दुकानात द्राक्षाच्या वड्या मिळायच्या, आणि वर छापलेलं असायचं, ही वडी पाण्यात कालवून कपाटात ठेवू नका हं, नाहीतर वाईन होईल."

मुलं हसत. मग काकू कोल्हापूरला येत. "आमच्याकडं दारूबंदी आली तेव्हा मी एवढीशी होतो. गल्लीतल्या एका पैलवानाला एकाएकी दुधाचा धंदा सुचला. रोज पहाटे सायकलला किटल्या लावून निघायचा. म्हैस नव्हती त्याच्याकडं."

"मग किटलीत व्हॉट वॉज इट, काकू?" इरानं विचारलं. इरा म्हणजे सगळ्यांत बडबडी.

"दूध नव्हतं एवढं नक्की. एकदा पोलिसानंच अर्धा लिटर मागितलं, तर पैलवान म्हणाला, आज नासलंय साहेब. पोलीस म्हणाला, मग लिटर दे."

पण हसू थांबलं की त्या लाटणं बाजूला ठेवत. "एक ध्यानात ठेवा. ज्या बायांनी ही बंदी मागितली त्या खुळ्या नव्हत्या. नवऱ्याचा पगार घरी पोचत नव्हता त्यांच्या, आणि मार तेवढा पोचत होता. बंदी घालून ते थांबलं नाही, गुंड मात्र गबर झाले. पण दुखणं खरं होतं. हे पेपरात लिहा. त्याला मार्क आहेत."

एका उन्हाळ्यात मुलांनीच म्हटलं, यावर गणपतीत नाटक करू. काकूंनी मुलांना घेऊन ते लिहिलं, सगळं मराठीत. अमेरिकेतल्या चोरट्या दारूखान्याला, म्हणजे 'स्पीकईझी'ला, 'हळूबोल' असं नाव शोधलं. रोहन गुंडांचा म्होरक्या, इरा केस कापून घेतलेली बंडखोर मुलगी. बाटल्यांत कोरा चहा. महिनाभर काकूंच्या गॅरेजमध्ये जॅझ वाजत होतं आणि डॉक्टर वरच्या खोलीतून खाली येऊन विचारत, "तो हळूबोल, ती हळूबोल, की ते हळूबोल? एकदा ठरवा."

मग कार्यकारिणीची बैठक झाली, लिमयांच्याच दिवाणखान्यात. नाटकाचं नाव ऐकून दोनतीन जण चुळबुळले. गणपतीसमोर बाटल्या?

"दारूचं नाटक न्हाई, दारूबंदीचं आहे," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "दारूबंदी या शब्दात दारू आधी येते, बंदी नंतर."

मतं समान पडली. निर्णय अध्यक्षांच्या मतावर आला आणि अध्यक्षांनी नाटक नको म्हटलं. अशा रीतीने दारूबंदीवरच्या नाटकावर बंदी आली. सगळे हसतहसत चहाला उठले. मी कप उचलायला स्वयंपाकघरात गेलो, तर काकू खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काकू, वाईट वाटलं?"

"बंदीचं न्हाई रे, सुधीर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी पोरांची नाटकं बसवतो. हे कधी खुर्चीत बसून बघत न्हाईत. दारापाशी उभं राहायचं, उच्चार चुकला की आत चिठ्ठी पाठवायची. या खेपेला मला वाटलं होतं, यांनी एकदा खुर्चीत बसावं आणि पोरांबरोबर हसावं. बाकी काही नको होतं." मग डोळ्यांना पदर लावायचा तर पदर नव्हता, म्हणून त्यांनी भांडी पुसायचा टॉवेल लावला आणि वळून म्हणाल्या, "चल, नाटक तर करणारच."

मुलांना बंदीची बातमी कळली तेव्हा मला वाटलं, रडतील. इरा ओरडली, "ओ माय गॉड, आपण इल्लीगल आहोत!" पुढच्या तालमीला दुप्पट मुलं आली. ज्यांना मराठी बोलायला लाज वाटायची तीही काम मागू लागली. विरुद्ध मत दिलेल्या एका सभासदाच्या बायकोने गुंडांसाठी जाकिटं शिवायला घेतली आणि नवऱ्याला सांगितलं, हॉस्पिटलच्या चॅरिटीची आहेत.

जागा मिळाली मेथडिस्ट चर्चच्या हॉलची. तिथल्या पाद्रीबाईंना विषय सांगितला तर त्या टाळ्या पिटू लागल्या. त्यांच्या हॉलमध्ये आजही दारू चालत नाही. काकू म्हणाल्या, "खऱ्या दारूबंदीतच करू. त्यात मजा आहे." हॉलचं मागचं दार एका बोळात उघडायचं. प्रेक्षक तिकडूनच येणार, आणि दारावर परवलीचा शब्द विचारणार होतो मी, डोक्याला हॅट घालून.

तो शब्द काकूंनीच ठरवला. "येणाऱ्यानं म्हणायचं, 'मी आले.' बाई असो की बुवा."

"पुरुषांनीही?" मी विचारलं.

"तर! अरे, एखादा पोलीस मराठी शिकून आला तरी तो शिकणार पुस्तकातनं. चुकीचं मराठी फक्त आपल्याच माणसांना येतं."

डॉक्टरांपासून त्यांनी काहीच लपवलं नाही. नाश्त्याला बसल्यावर माझ्यादेखत सांगितलं, "अहो, शनिवारी संध्याकाळी आमचा गुन्हा आहे. यायचं तर मागच्या दारानं या, आणि 'मी आले' म्हणा."

"अशक्य," डॉक्टर म्हणाले आणि टोस्टला लोणी लावू लागले.

शनिवारी बोळात बारीक पाऊस होता. मी दार बंद करून आत उभा होतो. पहिल्यांदा स्वतः काकूच आल्या, सामानाच्या पिशव्या घेऊन. "आलो, आलो, उघड लवकर!"

"परवलीचा शब्द?"

"अरे गाढवा, मी ठरवलाय तो!" पण मग हसू आवरत त्यांनी घसा साफ केला आणि पुण्याच्या सुनेसारखं हळूच म्हटलं, "मी आले." मग रांग लागली. खजिनदार मफलरमध्ये तोंड लपवून किनऱ्या आवाजात 'मी आले' म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोला भिंतीचा आधार घ्यावा लागला. एका हृदयरोगतज्ज्ञाने इतक्या लाजत म्हटलं की मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. हॉल भरला. पुढच्या ओळीतली एक खुर्ची काकूंनी आपला कोट टाकून धरून ठेवली होती.

सुरू व्हायला थोडाच वेळ उरला असताना दार वाजलं.

"कोण?"

"मी." आवाज ओळखीचा होता.

"परवलीचा शब्द?"

बाहेर बुटांवरचं पाणी झटकल्याचा आवाज आला. मग, "आम्ही आलो आहोत."

पळवाट उत्तम होती. अनेकवचनात 'आलो' पुरुषांनाही चालतं आणि बायकांनाही. "डॉक्टर, तुम्ही एकटेच आहात ना?"

"हे आदरार्थी अनेकवचन आहे."

"स्वतःलाच?"

"अध्यक्ष या नात्याने." मी कडीला हात लावला नाही. "बरं. माझे आगमन झाले आहे."

"नाही चालणार."

"सुधीर, मी भिजतो आहे."

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. कपाळाला पीस लावलेली पट्टी, नाकाला पावडर. "काय म्हणाले?"

"आगमन झाले म्हणाले."

त्यांनी तोंडावर हात दाबला. हसून झाल्यावर मात्र चेहरा उतरला. "पोरं आत तयार उभी आहेत. फार थांबता येणार न्हाई."

"उघडू का?"

"न्हाई. सगळ्या पुरुषांनी म्हटलंय. यांना वेगळा कायदा कशाला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण माझी बाही त्यांनी घट्ट धरली होती.

बाहेर पावलं वाजली. दूर गेली. "गेले," काकू म्हणाल्या. बाही सोडली आणि आत वळल्या. पट्टीवरचं पीस थोडं वाकलं होतं, ते त्यांनी सरळ केलं.

तेवढ्यात पावलं परत आली. दाराच्या टपालाच्या फटीतून आवाज आला, अगदी हळू. "शालन, तू आहेस का तिथं?"

काकू परत वळल्या आणि त्यांनी दाराला कान लावला.

"मी आले."

माझ्या आधी काकूंनीच कडी काढली. डॉक्टर टाय लावून, चष्म्यावर पाण्याचे थेंब घेऊन उभे होते. "कुठं गेला होता?" त्या म्हणाल्या.

"बोळाच्या टोकापर्यंत. कुणी ऐकत नाही ना, ते बघून आलो."

मी नाटक पाहिलं, पण काकूंनी पाहिलं नाही. त्या पडद्याच्या फटीतून सारा वेळ पहिल्या ओळीतल्या त्या खुर्चीकडेच बघत होत्या. एक डॉक्टर अंगठा ठेचलेल्या रोग्यालासुद्धा औषध म्हणून व्हिस्की लिहून देतो असा प्रवेश होता. तिथे लिमये डॉक्टर असे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. रोहनची तीन वाक्यं चुकली. एकही चिठ्ठी आत आली नाही.

टाळ्या थांबल्यावर डॉक्टर उभे राहिले. "बंदीचा निर्णय माझ्या मताने झाला होता," ते म्हणाले. "मंडळाचा अध्यक्ष म्हणून तो मी इथे मागे..."

"अहो, थांबा, थांबा!" काकू पडद्यातून धावतच बाहेर आल्या. "एवढ्यात उठवू नका हो!"

"का?"

"गेल्या साली बंदी नव्हती तर निम्मा हॉल रिकामा होता. आज बघा. पोरांना अजून दोन प्रयोग करायचेत."

डॉक्टरांनी खरोखरच विचार केला. "मग मी काय करू?"

"अजून कडक करा."

त्यांनी केली. मंडळाच्या सर्व सभासदांना सक्त ताकीद गेली, आणि पुढच्या प्रयोगाला लेस्टरहूनसुद्धा माणसं आली. शेवटच्या प्रयोगाला बर्फ पडत होतं. डॉक्टर बोळातून आले, दार वाजवलं आणि मी विचारायच्या आधीच इतक्या मोठ्यानं "मी आले!" म्हणाले की समोरच्या घराची खिडकी उघडली. आतून काकू ओरडल्या, "ऐकलं, ऐकलं, सगळ्या नॉटिंगहॅमनं ऐकलं! या आता आत, थंडी आहे."